नव्या तबेल्यातले तीन दिवस: ज्युनियर ड्रेसेज स्पर्धेआधी घोडा कसा रुळवायचा

विचारलं आहे ते थोडक्यात असं. मुलगी 15 वर्षांची, पुण्यात चार वर्षं रायडिंग शिकते आहे. घोडा क्लबाचा, 11 वर्षांचा थरोब्रेड (रेसच्या जातीचा) गेल्डिंग, म्हणजे खच्ची केलेला, पूर्वी रेसला धावलेला. डिसेंबरात मुंबईला महालक्ष्मीवर ज्युनियर ड्रेसेजची (घोड्याकडून ठरलेल्या चाली-वळणं करून घ्यायची आणि परीक्षकांनी गुण द्यायचे, अशी) स्पर्धा आहे आणि घोडा तीन दिवस आधी पोचणार आहे. घरच्या मैदानावर तो शहाण्यासारखा चालतो, पण बाहेरगावी नेला की मान वर, पाठ लाकडासारखी, आणि पहिल्या दिवशी दाण्याला तोंडही लावत नाही. कोच दिवसातून दोनच तास मिळणार. तर या तीन दिवसांत नेमकं काय करायचं?

आधी काय करायचं नाही ते सांगतो, कारण बहुतेक गुण तिथेच जातात. या तीन दिवसांत घोड्याला काही शिकवायचं नाही आणि काही सुधारायचंही नाही. शोल्डर-इन (खांदा आत घेऊन तिरकं चालणं) घरी कच्चा असेल तर महालक्ष्मीवर तो कच्चाच राहणार. घरी जे येतं ते नव्या जागी आलं तरी पुष्कळ झालं. त्यासाठी घोडा रुळायला हवा, आणि त्या रुळण्याला एक क्रम आहे: आधी पोट, मग डोळे, मग पाठ. ज्याने धड पाणी प्यायलेलं नाही त्याला मैदान दाखवून उपयोग नाही. ज्याने मैदान नीट पाहिलेलं नाही त्याची पाठ कितीही सर्कल मारले तरी सुटत नाही. कोच दोनच तास आहे याची म्हणूनच फार चिंता करू नका. यातली निम्मी कामं खोगीर न घालताच होतात.

तुमच्या घोड्याच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. महालक्ष्मीचं अमॅच्युअर रायडर्स क्लबचं मैदान रेसकोर्सच्या आवारातच आहे. पुण्याचा रेसचा हंगाम पावसाळ्यातला आणि मुंबईचा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. म्हणजे डिसेंबरात तिथे पहाटेपासून घोडे ट्रॅकवर पळत असतात. हा घोडा मुंबईत धावलेला असेल तर त्याच्या लेखी ही जागा नवी नाहीच, जुनी आहे, आणि तिचा एकच अर्थ त्याला ठाऊक आहे. फ्लोटमधून (घोडे नेायच्या गाडीतून) उतरलो, समुद्राची दमट हवा लागली, पहाटे टापांचा आवाज आला, की धावायचं. तो कुठे कुठे धावला आहे हे क्लबाला आजच विचारा. मुंबईत धावलेला असेल तर पहिल्या दोन सकाळी ट्रॅकवर काम चालू असताना मुलीने त्याच्यावर बसू नये. सईसाने हातात धरून लांब उभं राहावं, त्याला चार घास गवत खाऊ द्यावं आणि सगळं बघू द्यावं. घोडे पळताहेत आणि आपल्याला काहीच करायचं नाही, हे त्याला एकदा कळलं की पुढचं अर्धं काम हलकं होतं.

निघण्याआधीच्या आठवड्यातली काही कामं पुढे ढकलता येत नाहीत. नालबंद 7 ते 10 दिवस आधी येऊन गेलेला असावा. निघायच्या आदल्या दिवशी मारलेला खिळा जरा आत बसला तर घोडा पायाला जपून चालतो, आणि ते कळेपर्यंत स्पर्धा उजाडलेली असते. इन्फ्लुएंझाच्या लशीचंही तसंच. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी संघटनेच्या (एफईआय) नियमात बूस्टर मागच्या 6 महिने 21 दिवसांच्या आतला लागतो, पण स्पर्धास्थळी पोचण्याआधीच्या 7 दिवसांत दिलेला चालत नाही. तुमची स्पर्धा राष्ट्रीय नियमांखाली असेल तर तिथली मुदत वेगळी पाहून घ्या. पासपोर्ट, आरोग्य प्रमाणपत्र आणि ग्लँडर्सचा (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगाचा) निगेटिव्ह अहवाल एका फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल गाडीबरोबर जाणाऱ्या माणसाच्या हातात द्या. तुमच्या कारमध्ये ठेवलेली फाइल गेटवर उभ्या असलेल्या फ्लोटच्या काही कामाची नाही.

पाण्याची तयारी त्याच आठवड्यात सुरू करा. 450 किलोचा घोडा थंडीत दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी पितो, पण पाण्याची चव बदलली की तोंड फिरवतो. शहराच्या पाण्यातला क्लोरिनचा वास त्याला आपल्याआधी कळतो. घरीच रोज एका 20 लिटरच्या बादलीत मूठभर, साधारण 50 ग्रॅम, गूळ विरघळवून द्या आणि शेजारी साधी बादलीही ठेवा. मुंबईत गेल्यावर पहिले दोन दिवस तेच गुळाचं पाणी द्या. चव ओळखीची असली की पाणी परकं वाटत नाही. जोडीला पहिल्या दिवसापुरते 40 लिटर पाणी कॅनमधून घरूनच न्या. गवत आणि दाणा तर संपूर्ण मुक्कामाचा घरचाच हवा, आणि तो मोजून घ्या. सुकं गवत दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे 7 ते 9 किलो. पाच दिवसांचे 45 किलो होतात, त्यावर एक दिवसाचं जास्त. नवा दाणा किंवा नवं गवत अंगी लागायला आठवडा-दहा दिवस लागतात. तीन दिवसांत चारा बदलणं म्हणजे पोटशूळ ओढवून घेणं.

पुणे ते महालक्ष्मी अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. घाट आणि शहरातली गर्दी धरून फ्लोटला चार-पाच तास लागतात. पहाटे लवकर निघा. त्या सकाळी दाणा देऊ नका, फक्त गवत द्या आणि जाळीतलं गवत प्रवासभर समोर राहू द्या. घोडा गाडीत उभ्या उभ्या सारखा तोल सावरत असतो. घाट उतरताना ब्रेक लागला की सगळं वजन पुढच्या पायांवर येतं आणि तो मान वर करून सावरतो. चालकाला हे शब्दांत सांगून ठेवा: वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक मारायचा नाही.

दोर किती लांब बांधता हेही महत्त्वाचं आहे. मान उंच बांधून तासन्‌तास नेलेल्या घोड्याला श्वासनलिकेतली घाण खाली झटकता येत नाही. ती फुप्फुसात उतरते आणि दोन-तीन दिवसांनी ताप येतो. चार-पाच तासांच्या प्रवासात हा धोका कमी, पण दोर एवढा सैल हवा की त्याला मान छातीच्या खाली नेता येईल. मध्ये एकदा थांबून दहा मिनिटं मान खाली करू द्या, पाणी दाखवा.

पोचल्यावर मुलं पहिली चूक करतात ती ही की घोडा उतरवला की लगेच त्याला मैदान दाखवायला नेतात. नेऊ नका. बॉक्समध्ये सोडण्याआधी पाच मिनिटं बॉक्सच तपासा: वर आलेले खिळे, लोंबती वायर, तुटलेली फळी, आधीच्या घोड्याचं उरलेलं खाणं. गव्हाणी आणि बादली तिथली वापरू नका, आपली लावा. दुसऱ्या घोड्याच्या तोंडाचं पाणी आपल्या घोड्याला नको. अंथरूण शक्य तितकं घरच्यासारखं ठेवा. घरी लाकडाच्या भुशावर झोपणारा घोडा इथे पेंढ्यावर ठेवला तर रात्रभर पेंढाच खात बसतो. मग सकाळी पोटाला तडस, खोगिराचा तंग (पोटाखालचा पट्टा) दोन भोकं मागे, आणि मुलीला प्रश्न पडतो की हा आज पुढे का जात नाही. घरची एक न धुतलेली झूल बॉक्सच्या दारावर टाकून ठेवा. तिचा वास त्याला ओळखीचा असतो. शेजारी क्लबाचाच दुसरा घोडा मिळत असेल तर आयोजकांना आधीच कळवून तसे बॉक्स मागून घ्या. पण ते दोघे एकमेकांना सोडेनासे होऊ नयेत म्हणून दिवसातून दोनदा तरी त्यांना वेगवेगळं फिरवा.

पोचल्यापासून एक वही ठेवा. हे काम मुलीने स्वतः करावं, सईसावर सोडू नये. सकाळ-संध्याकाळ ताप, नाडी, श्वास, लिदीचे ढीग, प्यायलेलं पाणी आणि उरलेलं गवत लिहायचं. विसावलेल्या घोड्याचा ताप 37.5 ते 38.5 सेल्सिअस, नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16. लिदीचे ढीग दिवसाला आठ-दहा तरी हवेत. पहिल्या दिवशी पाच-सहा झाले तर घाबरू नका, पण लीद लहान, कडक, कोरडी गोळ्यांसारखी असेल तर पाणी कमी पडतंय. अशा वेळी दाणा आणखी कमी करा, गवत पाण्यात भिजवून द्या आणि 30 ग्रॅम साधं मीठ खाण्यात घाला. घोडा पीतच नसेल तर इलेक्ट्रोलाइट तोंडात भरू नका. अंगात पाणी नसताना वर क्षार गेले तर त्रास वाढतो. ताप 38.5 च्या वर गेला, किंवा घोडा पाय आपटतोय, वळून कुशीकडे बघतोय, वरचा ओठ वळवतोय, उठबस करतोय असं दिसलं तर स्पर्धेच्या पशुवैद्याला लगेच बोलवा. चालवून बघू, तासाभराने बघू, असं करू नका. आणि स्वतःच्या मनाने औषध अजिबात देऊ नका.

औषधाचा विषय निघालाच आहे तर इथेच सांगून टाकतो. बंदी असलेली द्रव्यं नुसती इंजेक्शनमधून जात नाहीत. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन, चहा-कॉफीतलं कॅफिन, अंगदुखीच्या काही मलमांमधलं मिरचीचं सत्त्व हे सगळं तपासणीत सापडतं. लाडाने दिलेला चॉकलेटचा तुकडाही त्यात आला. घोड्याला हात लावण्याआधी आपल्या पाठीला लावलेलं मलम साबणाने धुवायचं. बॉक्सच्या कोपऱ्यात माणसांनी लघवी करायची नाही, कारण माणूस घेत असलेलं औषध त्या पेंढ्यातून घोड्याच्या पोटात जाऊ शकतं. हे ऐकून मुलं हसतात, सईसही हसतात. तरी सांगायचंच.

दाणा खात नाही म्हणालात. पहिल्या संध्याकाळी निम्माच दाणा घाला, तासाभरात संपवला नाही तर काढून घ्या आणि नुसतं गवत ठेवा. गव्हाणीत आंबत पडलेला दाणा पाहून तो आणखी तोंड फिरवतो. गवत खातोय आणि पाणी पितोय तोवर दाणा एक दिवस कमी गेल्याने ज्युनियर पातळीच्या टेस्टची (मैदानात करायच्या ठरलेल्या हालचालींची) ताकद कमी होत नाही. उलट काम कमी आणि दाणा पूर्ण अशा थरोब्रेडवर तिसऱ्या दिवशी बसणं अवघड होतं. संध्याकाळी त्याला मान खाली घालून खाऊ द्या. जाळी उंच टांगू नका. रात्री घोडा आडवा झाला होता का, हे सकाळी अंगाला लागलेल्या भुशावरून कळतं. कुशीला, गालाला भुसा चिकटलेला दिसला की तो त्या जागी रुळायला लागला असं समजा. हे वहीत लिहून ठेवा.

आता डोळे. पहिल्या दिवशी तासाभराची विश्रांती झाली की हातात धरून फिरवणं सुरू करा. एकदाच तासभर नको, पंधरा-वीस मिनिटांच्या तीन-चार फेऱ्या. मोरकीवर नको, स्नॅफलच्या (तोंडातल्या साध्या कडीच्या) लगामावर. धरणाऱ्याच्या हातात हातमोजे, दोर हाताला गुंडाळलेला नाही, मुलगी बरोबर असेल तर तिच्या डोक्यावर हेल्मेट. तबेला ते वॉर्म-अप आणि वॉर्म-अप ते मुख्य मैदान ही वाट त्याला पाठ झाली पाहिजे, जाताना आणि येताना, दोन्ही अंगांनी. एखादी खुर्ची डाव्या बाजूने तीनदा पाहिली असली तरी परतताना उजवीकडून ती त्याला नवीच वाटते. तो थांबला, कान रोखले, नाक फुरफुरलं, तर पुढे ढकलू नका. दोन श्वास थांबा, मान खाली आली की चला. त्याला ओढत वस्तूला नाक लावायला नेणं हा हट्ट माणसांचा, घोड्याला त्याची गरज नसते. महालक्ष्मीवर लोकलचा आवाज येतो आणि आवारातल्या हेलिपॅडवर अधूनमधून हेलिकॉप्टर उतरतं. अशा वेळी मुलगी त्याच्यावर असेल तर तिने थांबायचं नाही. चालत्या घोड्याला पायांना काम असतं, उभा राहिलेला आवाजाकडेच लक्ष देतो. मोठा सर्कल, वॉक, आणि तोंडाने काहीतरी बोलत राहायचं. बोलायचं घोड्यासाठी नाही, स्वतःसाठी. बोलणाऱ्या माणसाला श्वास रोखून धरता येत नाही.

बसायचं दुसऱ्या दिवशी. ट्रॅकचं काम संपल्यावर, एकूण 40 ते 45 मिनिटं. त्याआधी लंज करायचा का, म्हणजे लांब दोरावर आपल्याभोवती गोल फिरवायचा का, हे घोड्यावर आहे. करायचा तर दहा-बारा मिनिटं, 15-18 मीटरच्या सर्कलवर, दोन्ही हातांना, म्हणजे दोन्ही दिशांना सारखा. साइड रेन (तोंडापासून तंगापर्यंतचे पट्टे) लावलेच तर सैल. इथे चूक अशी होते की तापट घोडा दमला की शांत होईल या आशेने त्याला अर्धा तास पळवतात. रेसच्या घोड्याला तर हेच येतं. जेवढा पळवाल तेवढा तो पेटतो, घाम निघतो, आणि मुंबईच्या दमट हवेत तो घाम पुण्यासारखा वाळत नाही, अंगावरच राहतो. दुसऱ्या दिवशी स्नायू आखडलेले असतात आणि मुलीला तो ताठपणा अंगावर घेऊन बसावं लागतं. लंजवरून बघायचं एवढंच की दुडकी लयीत पडते का आणि शेपूट सुटी होऊन हलते का. ते झालं की थांबायचं.

खोगिरावर पहिली पंधरा मिनिटं नुसता वॉक. मैदानभर, सगळ्या कोपऱ्यांतून, कडेला लावलेल्या अक्षरांपाशी. मग ट्रॉट (दुडकी), तोही रायझिंगच, म्हणजे लयीत उठत-बसत. मुलीला एकच काम द्या: दर आठ-दहा पावलांनी काहीतरी बदल. ट्रॉटमधून वॉक, तीन पावलांनी पुन्हा ट्रॉट, 15 मीटरचा सर्कल, दिशा बदल, दोन पावलं लेग-यील्ड (पायाच्या इशाऱ्याने बाजूला सरकणं). अर्ध्या तासात तीसेक ट्रान्झिशन (चालीतले बदल) सहज होतात. तापलेल्या घोड्याला सरळ रेषेवर नुसतं दुडकत ठेवलं की तो स्वतःच्या मनाने वेग वाढवतो, मुलगी ओढते, तो आणखी ताठ होतो. बदल चालू असले की तो पुढची सूचना ऐकायला कान मागे ठेवतो. पाठ सुटल्याचं कळतं कसं? नाकातून एक लांब फुर्र येतो, तोंड लगाम चघळायला लागतं, मान पुढे-खाली जायला बघते, आणि मुलीला खोगिराखाली काहीतरी वरखाली हलतंय असं वाटतं. हे आलं की दहा मिनिटं त्यात काम करून थांबायचं. आलंच नाही तर? मग वॉकवर संपवायचं, संध्याकाळी पुन्हा वीस मिनिटं वॉक-ट्रॉट. एकाच बैठकीत वाद जिंकायला जाऊ नका.

मुलींनी हांग्झोच्या आशियाई स्पर्धेचे व्हिडिओ पाहिलेले असतात. 2023 मध्ये भारताच्या ड्रेसेज संघाने तिथे सुवर्ण जिंकलं आणि त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडाही होता. कौतुक आहेच. पण ते घोडे ज्या उसळीने चालतात ती वर्षानुवर्षं घडवलेल्या अंगातून येते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी क्लबच्या थरोब्रेडला त्यासाठी पायाने ढकललं तर उसळी येत नाही, घाई येते.

नियमाची एक बाब आधीच वाचून ठेवा. आंतरराष्ट्रीय ड्रेसेज नियमांत घोडा स्पर्धास्थळी आला की त्याच्यावर बसून कसरत फक्त स्पर्धकानेच करायची. सईसाने लांब लगामावर वॉक करणं, कोणी लंज करणं चालतं. कोचने बसून 'जरा सरळ करून देतो' म्हणणं चालत नाही, थेट बाद. राष्ट्रीय स्पर्धांत सूट असू शकते, म्हणून तुमच्या स्पर्धेचं पत्रक नीट वाचा. सूट असली तरी माझं मत तिच्या विरुद्ध आहे. कोच उतरल्यावर घोडा पाच मिनिटं चांगला असतो, सहाव्या मिनिटाला वर मुलगीच असते.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे आदल्या दिवशी, मैदान दाखवायची वेळ ठरवून दिलेली असते. मोठं मैदान 20 बाय 60 मीटरचं, छोटं 20 बाय 40. तुमच्या टेस्टचं कोणतं ते आधीच पाहा, कारण घरी छोट्यावर सराव केलेल्या मुलीचे मोठ्या मैदानात व्ही, एस, आर, पी या अक्षरांपाशी अंदाज चुकतात. टेस्ट सलग एकदाच करा, फार तर दोनदा, आणि तीही घरी करून आलेली असावी. घोडे टेस्ट पाठ करतात. मैदानाच्या मध्यावर, एक्सपाशी, चौथ्यांदा उभा केलेला घोडा पाचव्या वेळी त्याआधीच्या डीपासूनच मंदावतो. इथे तुकडे करा: एपासूनचा प्रवेश, एक कँटर डिपार्ट (संथ दौडीची सुरुवात), वॉकचा भाग. मधलं सारं वेगळ्या क्रमाने. चाबकाचा नियमही याच वेळी पक्का करा. वॉर्म-अपमध्ये चालत असला तरी आंतरराष्ट्रीय नियमांत तो मुख्य मैदानात नेता येत नाही, तेव्हा आदल्या दिवशीची शेवटची पंधरा मिनिटं चाबूक टाकून द्यायची. घोड्याला कानटोपी चालते, कानात बोळे चालत नाहीत.

घोडे सगळ्यात जास्त बिचकतात ते सीपाशी, प्रवेशाच्या एच्या समोरच्या टोकाला. तिथे परीक्षकांची खोपटी असते, आत हलणारी माणसं, कधी पांढरं टेबल, कागद, छत्री, फुलांच्या कुंड्या. याची तयारी घरीच होते: सीच्या मागे टेबल मांडा, दोघं जण खुर्च्यांवर बसा, छत्री उघडा, कागद हलवा. शिवाय टेस्ट सुरू करायला परीक्षक वाजवतात तशी एक घंटा आणा, आणि ती वाजवल्यावर दर वेळी मिनिटभर वॉक. नाही तर घंटा वाजली की मुलगी आवळते आणि घोड्याला कळतं की आता काहीतरी होणार. प्रत्यक्ष मैदानात बिचकला तर त्याचं तोंड त्या खोपटीकडे वळवायचं नाही. मान किंचित आत, आतला पाय तंगापाशी, बाहेरचा लगाम धरून ठेवलेला, आणि मुलीची नजर पुढच्या अक्षरावर. म्हणजे खांदा आत घेऊन त्या जागेवरून न्यायचं. नजर खोपटीवर गेली की खांदे तिकडे वळतात, खांदे वळले की घोडा थांबतो.

लांब लगामावरच्या मोकळ्या वॉकवर वेगळं बोलायला हवं, कारण तापट थरोब्रेडचे गुण इथे जातात आणि अनेक टेस्टमध्ये या चालीचे गुण दुपटीने धरतात. मुली एम किंवा एचपाशी आल्या की लगाम एकदम सोडतात. घोड्याला वाटतं सुटलो, तो जॉग करायला, म्हणजे बारीक दुडकायला लागतो. चार ठोक्यांची चाल दोन ठोक्यांची झाली की सातऐवजी चार गुण. लगाम सोडायचा नसतो, त्याने मागून घ्यायचा असतो. वळण घेताना आतला पाय, बोटं थोडी उघडली, त्याने मान दोन इंच खाली नेली, बोटं आणखी उघडली. पूर्ण कर्ण संपायच्या आत पाच-सहा टप्प्यांत लगाम लांब होतो. मुलीने मनात चार मोजायचं, एक-दोन-तीन-चार, प्रत्येक पाय वेगळा. पुन्हा लगाम गोळा करतानाही तसंच, दोन-तीन टप्प्यांत, आणि तेव्हा पाय काढून घ्यायचा नाही. नवख्या जागी रोजच्या बैठकीत हे दहा वेळा केलं तरी चालेल. घोड्याला शांत करण्याचं यासारखं काम नाही.

स्पर्धेच्या सकाळचं उलटं गणित मांडा. समजा टेस्ट 9:40 ला आहे. साडेपाचला दाणा, नेहमीच्या निम्मा, गवत मात्र चालू ठेवायचं. रिकाम्या पोटात आम्ल वर उसळतं आणि घोडा तंग आवळताना चावायला येतो, त्यामुळे गवत काढून घेऊ नका. साडेसहाला हातात धरून वीस मिनिटं, मग परत बॉक्समध्ये. आठला आयाळीच्या वेण्या. आदल्या रात्री घातल्या तर तो घासून निम्म्या उसवतो. आठ पन्नासला खोगीर, नोजबँडखाली (नाकावरच्या पट्ट्याखाली) दोन बोटं सहज गेली पाहिजेत. 8:55 ला बसायचं, पंधरा मिनिटं वॉक, वीस-पंचवीस मिनिटं काम, शेवटची पाच मिनिटं मैदानाच्या तोंडाशी. आपल्या आधी किती घोडे आहेत हे कोणीतरी मोजायला ठेवा. वेळापत्रक पुढेमागे होतं आणि अर्धा तास जास्त वॉर्म-अप झालेला घोडा टेस्टच्या शेवटी जड पडतो. वॉर्म-अपमध्ये समोरून येणाऱ्याला डावा हात डाव्या हाताला ठेवून ओलांडायचं, वॉक करणाऱ्याने आतल्या ट्रॅकवर यायचं.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट. बरेच गेल्डिंग फ्लोटमध्ये किंवा कडक जमिनीवर लघवी करत नाहीत, शिंतोडे पायावर उडतात म्हणून अडवून धरतात. भरलेल्या मूत्राशयाचा घोडा पाठ उचलत नाही, कँटरमध्ये मागे अडकतो, आणि सगळ्यांना वाटतं तो घाबरला आहे. खोगीर चढवण्याआधी दहा मिनिटं ताज्या, जाड अंथरुणाच्या बॉक्समध्ये मोकळा सोडा. सईस हलकी शिट्टी घालतात, तिचा उपयोग होतो. पुण्याहून निघण्याआधी आठवडाभर ती शिट्टी वाजवून सवय लावली असेल तर जास्तच.

आधीचा स्पर्धक बाहेर पडला की घंटा वाजेपर्यंत जो वेळ मिळतो तो काही मुली एपाशी उभ्या राहून घालवतात. बाहेरून फेरी मारायला जागा असेल तर ट्रॉटमध्ये जायचं, आधी त्या हाताला ज्या बाजूला तो कमी बिचकतो, मग दिशा बदलून. सीपाशी वॉक, दोन पावलं खांदा आत, मानेवर हात. घंटा वाजली तरी ती फेरी मध्येच तोडायची नाही. मुदतीत एपाशी पोचायला अर्धी लांबी पुरते, घाईने लहान वळण घेतलं तर प्रवेशाची रेष वाकडी येते. एक्सपाशी उभं राहून अभिवादन करताना मुलीने एक पूर्ण श्वास सोडायचा आणि मग लगाम उचलायचा. एवढा थांबा परीक्षकाला स्थिर दिसतो आणि घोड्यालाही कळतो.

तुमचं काम, म्हणजे आईवडिलांचं, या सगळ्यात तसं थोडं आहे. पाणी, केळं, मुलीची झोप, आणि वॉर्म-अपच्या कठड्यापाशी कोचखेरीज कोणीही सूचना देणार नाही याची काळजी. दोन आवाज ऐकणारी मुलगी एकाचंही ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी आणखी एक टेस्ट असेल तर वॉर्म-अप दहा मिनिटांनी कमी करा. बहुतेक घोडे दुसऱ्या दिवशी रुळलेले आणि थोडे थकलेले असतात, पण मुलगी कालचाच वॉर्म-अप जसाच्या तसा करते आणि मैदानात जाईस्तोवर घोड्याची हवा गेलेली असते. पहिल्या टेस्टनंतर वीस मिनिटं हातात धरून वॉक, छातीवर, मानेवर आणि मागच्या पायांच्या मधल्या भागावर पाणी मारून लगेच घामपट्टीने निथळून काढा, पुन्हा पाणी, पुन्हा निथळणं, श्वास 16 च्या आसपास येईपर्यंत. तासाभराने दाणा. आणि वहीत त्या संध्याकाळचा ताप लिहायला विसरू नका, परतीच्या फ्लोटमध्ये तो घोडा चढवायचा की नाही हे त्या आकड्यावर ठरतं.